सत्तेव्वाचा नंबर

सोमवारी सकाळी दुंडप्पा हळ्ळूरच्या अंगणात कुत्री खोकायला येतात. खरं म्हणजे आधीच खोकत असलेली कुत्री येतात, पण त्याची बायको सत्तेव्वा तसंच म्हणते. अंगणाला लागून असलेल्या स्वयंपाकघरात तीस वर्षं तीच भाकरी थापते आहे, तेव्हा तिला म्हणायचा हक्क आहे.

मुधोळच्या आसपासच्या गावांत माणसाच्या आजोबांचं नाव एक वेळ कुणी विचारणार नाही, पण कुत्र्याच्या आजोबांचं विचारतील. लांब पायांची, बारीक कमरेची, सशामागं सुटली की डोळ्याला न दिसणारी ही कारवानी कुत्री. त्यातलं एखादं खोकलं की घरात सुतक पडल्यासारखं होतं. मग कुणीतरी म्हणतं, दुंडप्पाला ऐकवून या.

दुंडप्पा डॉक्टर नव्हे. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात तो तीस वर्षं शिपाई होता. डॉक्टर बदलून जात, शिपाई तिथंच. कुत्रं धरायचं काम त्याचं, आणि धरलेलं कुत्रं खोकतं ते धरणाऱ्याच्याच कानात. असं करत करत कान तयार झाला. आता निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. तो औषध देत नाही, नारळापलीकडं काही घेत नाही. कट्ट्यावर बसतो, डोळे मिटतो, कुत्र्याच्या गळ्यावर श्वासनळीपाशी दोन बोटं हलकेच दाबतो आणि ऐकतो. मग सांगतो काय आहे ते, आणि कुणाला आजच्या आज डॉक्टरकडं न्यायचं तेही.

त्याचे प्रश्न ठरलेले. कधीपासून? कोरडा की ओला? दिवसा की रात्री? खातं का? वजन उतरलंय का? उत्तरं ऐकून झाली की शेवटचा प्रश्न, तोही ठरलेलाच: "मग एवढे दिवस काय करत होता?" या प्रश्नाला बारा गावांतले पाटीलसुद्धा मान खाली घालतात.

अंगणाचे नियम कडक. कुत्री एकमेकांपासून दहा हात लांब. प्रत्येकानं पाण्याचं भांडं घरून आणायचं. दारातली दगडी कुंडी पालथी घातलेली आहे, तिलाही कारण आहे. एका वर्षी जत्रेत कुत्र्यांची शर्यत झाली, चाळीस कुत्री एकाच कुंडीत पाणी प्यायली आणि आठव्या दिवशी तीन गावं बदकांसारखी ओरडायला लागली. कोरडा, घुमणारा खोकला, शेवटी उमासा आणि तोंडाला पांढरा फेस. गावकऱ्यांना वाटलं घशात हाडं अडकली. चाळीस घरांत एकाच आठवड्यात हाडं अडकतील कशी, एवढा विचार कुणी केला नाही. सत्तेव्वा भाकरी उलटता उलटता म्हणाली, "सगळ्यांचं तोंड एकाच कुंडीत होतं." दुसऱ्या दिवशी दुंडप्पानं डॉक्टरांना सांगितलं, की माझ्या मते दोष कुंडीचा आहे. डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली.

तेव्हापासून जत्रेच्या महिनाभर आधी तो घरोघर फिरून सांगतो, की या खोकल्याची लस मिळते, टोचून आणा, आणि खोकणाऱ्याला पंधरा दिवस घराबाहेर काढू नका. लोक ऐकतात. दुंडप्पाचं कोण ऐकणार नाही?

सत्तेव्वाला भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं. इतकी वर्षं ऐकून तिचाही कान तयार झाला, फक्त तिच्याकडं नारळ घेऊन कुणी येत नाही. कुत्रं दोनदा खोकलं की ती पिठाला सांगते, "हे म्हातारं आहे, आडवं झालं की खोकतं. हृदय थकलंय." थोड्या वेळानं बाहेरून दुंडप्पाचा आवाज येतो, "याचं हृदय तपासून घ्या. रात्री आडवं झाल्यावरच खोकतं ना?" मग सत्तेव्वा पुढची भाकरी घेते.

शेजारच्या गावच्या मल्लप्पा जगदाळनं आपल्या कुत्र्याला, भैऱ्याला, आणलं तेव्हाही तसंच. मल्लप्पाला थाटाची हौस. भैऱ्याच्या गळ्यात चार बोटं रुंद चामडी पट्टा आणि त्याला सात पितळी घुंगरं.

"दुंडप्पण्णा, बाहेर फिरायला काढलं की ठसकतो. घरात एकदम ठणठणीत."

"बाहेर काढताना धरता कशाला?"

"पट्ट्याला."

"आणि तो ओढतो."

"कारवानी आहे, ओढणारच की."

"हा पट्टा तुमच्या गळ्यात घालतो आणि त्या बाभळीपर्यंत ओढत नेतो. मग घरात तुम्हीसुद्धा ठणठणीत. छातीवरून जाणारा पट्टा घ्या. घुंगरं सुनेला द्या."

मल्लप्पाची सून तेव्हापासून दुंडप्पाचं नाव काढलं की हात जोडते.

पिल्लं घेऊन बायका येत. पोट नगाऱ्यासारखं, खोकला बारीक. दुंडप्पा म्हणे, जंत छातीतून फिरून येतात, तेव्हा पिल्लू खोकतं, जंताचं औषध वेळेवर द्या. डोळ्यांत घाण, नाकात शेंबूड आणि खोकला असं तिन्ही दिसलं की मात्र तो हात लावत नसे. "मोटारीत घाला आणि आत्ता निघा," एवढंच. माणसाच्या बाबतीत त्याला कधी घाई झालेली कुणी पाहिली नव्हती. कुत्र्याच्या बाबतीत तो घड्याळ बघायचा.

सत्तेव्वाचा खोकला कोरडा होता. पहाटे चूल पेटवली की यायचा. मग दिवसाही यायला लागला. संध्याकाळी अंग कढत व्हायचं, आणि हातातल्या बांगड्या, ज्या साबण लावून चढवल्या होत्या, त्या आता भांडी घासताना कोपरापर्यंत जाऊन परत यायच्या. तिची सासू याच चुलीपुढं खोकत खोकत गेली होती, त्यामुळं पुढं काय होतं ते तिला पाठ होतं. आणि नवऱ्याच्या पाच प्रश्नांची उत्तरं तिनं मनातल्या मनात कितीदा तरी दिली होती. पाचही उत्तरं वाईट होती.

तिनं त्याला सांगितलं नाही असं नाही. एकदा जेवताना म्हणाली, "खोकला जात नाही माझा."

"फोडणीचा ठसका असेल. मिरची जरा कमी घाल."

दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तो म्हणाला, "आलं चघळ." तिसऱ्यांदा ती म्हणाली नाही. घरात गॅस होता, पण त्यावर भरतकामाचं फडकं घातलेलं. पाहुणे आले तर चहापुरता. जोंधळ्याची भाकरी चुलीवरचीच, असं दुंडप्पाचं मत होतं, आणि चुलीपुढं बसायचं काम त्याचं नव्हतं.

यंदाच्या थंडीत तुंगी खोकली.

तुंगी ही घरची कुत्री, नऊ वर्षांची. थंडीचे दिवस म्हणून चुलीशेजारी पोत्यावर पडून असायची. एके दिवशी सत्तेव्वा खोकली आणि पाठोपाठ तुंगी खोकली. बाहेरून दुंडप्पा धावत आत आला. सत्तेव्वाला ओलांडून त्यानं तुंगीला उचललं. दोन बोटं, मिटलेले डोळे. त्याच दिवशी तो तिला घेऊन मुधोळच्या जनावरांच्या डॉक्टरकडं गेला आणि संध्याकाळी परत आला तो निम्मा होऊन.

"धुराचा आहे," तो म्हणाला. "छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, म्हातारं जनावर, धुरात ठेवू नका. घरात कुणी विडी ओढतं का, कुणाला खोकला आहे का, सगळं विचारलं."

"तुम्ही काय सांगितलंत?" सत्तेव्वानं विचारलं आणि खोकली.

"विडी नाही, कुणाला खोकला नाही, म्हटलं. चूल आहे फक्त."

सत्तेव्वानं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

तुंगीचं पोतं मधल्या खोलीत गेलं. त्यावर जुनी गोधडी आली. पण धूर कुणाच्या बापाचं ऐकत नाही, तो मधल्या खोलीतही जायचा. दुंडप्पानं एक दिवस नाक वर करून वास घेतला आणि म्हणाला, "चूल पेटली की स्वयंपाकघराचं दार लावून घेत जा. तुंगीला त्रास होतो."

ती विसरेल म्हणून पहाटे तो स्वतःच उठून दार लावायला लागला. बाहेरून. स्वयंपाकघराला खिडकी एकच, हातभर, आणि तिच्यात कारळ्याच्या चटणीचा डबा. सत्तेव्वानं डबा काढून खाली ठेवला. त्यानं फारसा फरक पडला नाही.

पंधरा दिवसांत तुंगीचा खोकला थांबला. सोमवारी लोक म्हणाले, "दुंडप्पण्णा, गुण आहे तुमच्या हाताला." तो म्हणाला, "काही नाही, कारण ओळखायचं आणि कारण हटवायचं." सत्तेव्वा दाराआड होती. तिनं हे ऐकलं तेव्हा तिला प्रथमच राग आला. आतापर्यंत दुःख होतं, ते तिला सवयीचं होतं. रागाचं काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. एक आठवडा तिनं तो तसाच बाळगला.

पुढच्या सोमवारी तिनं चूल पेटवली नाही. लुगडं बदललं, आपला पितळी पेला पाण्यानं भरून घेतला आणि अंगणात येऊन रांगेत बसली. पुढं सहा कुत्री होती. सर्वांत जवळचा भैऱ्या, नवा पट्टा दाखवायला आलेला. त्याच्यापासून दहा हात मोजून तिनं जागा घेतली.

मल्लप्पानं विचारलं, "सत्तेव्वक्का, इथं का बसला?"

"नंबर लावलाय."

"कुत्रं कुठाय?"

"येईल नंबर तेव्हा कळेल."

दुंडप्पानं कट्ट्यावरून दोनदा पाहिलं. चार माणसांत काय बोलायचं म्हणून पुढचं कुत्रं घेतलं. मग त्याच्या पुढचं. सहा कुत्री नेहमीपेक्षा बरीच लवकर संपली, पण कुणी घरी गेलं नाही. मग सत्तेव्वा उठली आणि कट्ट्यापुढं जाऊन बसली, पेला बाजूला ठेवला.

"अगं, काय चाललंय?" तो दबक्या आवाजात म्हणाला.

"खोकला आहे."

"घरात बोलू."

"घरात दार लावलेलं असतं. विचारा काय विचारायचं ते."

त्यानं इकडं तिकडं पाहिलं. भैऱ्यासकट सगळे त्याच्याकडं बघत होते. शेवटी त्यानं तोंड उघडलं आणि तोंडातून आलं तेच, जे सवयीनं यायचं. "कधीपासून?"

सत्तेव्वानं पदर सारखा केला.

"कधीपासून आहे, सांग की."

"जनावर सांगतं का कधी?" ती म्हणाली. "ज्याच्या घरी ते असतं, तो सांगतो. तुम्हीच सांगा."

ती हे रात्रभर ठरवून आली होती. त्याला एकाही प्रश्नाचं उत्तर येणार नाही, बारा गावांसमोर तो तोंडघशी पडेल, आणि मग ती उठून आत जाईल, एवढंच तिनं ठरवलं होतं. पुढचं ठरवलं नव्हतं.

 दुंडप्पानं डोळे मिटले.

"गेल्याच्या गेल्या गणपतीपासून," तो म्हणाला. "सतरा महिने झाले. आधी कोरडा होता, पहाटेचा, चूल पेटली की. यंदा दिवाळीनंतर ओला झाला. डाव्या कुशीवर वळली की जास्त. रात्री तीनदा उठते, तिसऱ्यांदा पाणी पिते. संध्याकाळी ताप असतो. एक भाकरी खायची, आता अर्धी खाते आणि अर्धी तुंगीला टाकते. वजन उतरलंय. बांगड्यांचा आवाज बदललाय."

 सत्तेव्वानं जमिनीवर हात टेकला. त्याला ऐकू येत नाही, कुत्री ऐकून ऐकून कान भरलेत बिचाऱ्याचे, असं ती सतरा महिने स्वतःला समजावत आली होती. त्यावरच तिनं दिवस काढले होते.

"मग एवढे दिवस काय करत होता?" तिनं विचारलं.

 "आईचा असाच होता," तो म्हणाला. "सुरू झाला त्या दिवशीच मी ओळखला. कुत्र्याचं काय आहे ते सांगायला जीभ उचलते. तुझं सांगायला उचलली नाही."

"म्हणून दार लावलंत?"

 तो कट्ट्यावरून उतरला. मल्लप्पाकडं वळून म्हणाला, "तुमची जीप काढा. बागलकोटला जायचंय. आत्ता."

मल्लप्पानं भैऱ्याला जीपमध्ये मागं बसवलं. दुंडप्पा म्हणाला, कुत्रं खाली उतरवा. बारा गावांत ही गोष्ट अजून सांगितली जाते.

बागलकोटच्या मोठ्या दवाखान्यात छातीच्या डॉक्टरांनी सत्तेव्वाला तपासलं, फोटो काढायला सांगितला, थुंकी तपासायला डबी दिली आणि कागद पुढं ओढून, पद्धतीप्रमाणं, नवऱ्याला विचारलं, "खोकला किती दिवस आहे?"

"सतरा महिने," दुंडप्पा म्हणाला. एवढं नेमकं सांगणारा नवरा त्या डॉक्टरांना बहुधा पहिल्यांदाच भेटला असावा. त्यांनी त्याच्याकडं कौतुकानं पाहिलं आणि लिहून घेतलं.

"एकवीस," सत्तेव्वा म्हणाली.

दुंडप्पानं मान वळवली. "नाही, सतराच. मी ऐकलाय."

"पहिले चार महिने पदर तोंडात कोंबून खोकत होते," ती डॉक्टरांना म्हणाली. "सोमवारी यांना कुत्र्यांचं नीट ऐकू यावं म्हणून."

डॉक्टरांनी सतरा खोडून एकवीस लिहिलं.