आमच्या विहिरीचे दात

हैदराबादच्या वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात शेजारच्या खाटेवरचा मुलगा मला म्हणाला, "मियां, पान जरा कम खाया करो." तोवर मी आयुष्यात एकदाच पान खाल्लं होतं, ते मोठ्या बहिणीच्या लग्नात. पण माझ्या दातांवर तपकिरी पट्टे होते, त्याला तो तरी काय करणार?

पोखर्णीच्या वाटेवरच्या आमच्या वस्तीत सगळ्या पोरांचे दात असेच होते. मोठ्या माणसांचे मात्र पांढरे. म्हणून सगळ्यांनी एक सोपा अर्थ काढला होता की हल्लीची पोरं आळशी आहेत, दात घासत नाहीत. परभणीच्या शाळेत मुलं मला 'मिसरीवाला' म्हणून चिडवत. मी राखुंडीनं हिरड्या रक्ताळेपर्यंत घासत असे, तरी पट्टे जागच्या जागी. वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, स्वतःचे पांढरे दात दाखवून म्हणायचे, "ह्ये बघ, ह्येला म्हणत्यात दात."

दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या डॉक्टरांनी सगळ्या मुलांची तपासणी केली. त्यांनी माझं तोंड उघडून बराच वेळ पाहिलं. आता ओरडतील म्हणून मी डोळे मिटले, तर त्यांनी विचारलं, "बचपन में पानी कहां का पीते थे?" मी राखुंडी कुठली वापरतो, हे आजवर पुष्कळांनी विचारलं होतं. पाण्याचं विचारणारा हा पहिलाच माणूस. त्यांनी मला बसवून समजावलं, की काही ठिकाणी खोल दगडातून एक क्षार पाण्यात उतरतो. त्याला रंग नाही, चव नाही. लेकराचे पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असतात, तेव्हाच तो त्यांत शिरतो. मग वर आलेला दात कितीही घासा, काही फरक पडत नाही. तो क्षार फार असेल तर पुढं हाडंही आखडतात. त्या क्षाराचं नाव मी पुढे पुस्तकात वाचलं. त्या डॉक्टरांचे उपकार मी अजून मानतो. मी आळशी नव्हतो, एवढं कळूनच मला फार हलकं वाटलं होतं.

मग भावाची पोरगी आठवली. अडीच वर्षांची. तिचे दुधाचे दात ज्वारीच्या दाण्यांसारखे होते आणि खालचे पक्के दात आत्ता, आमच्याच विहिरीच्या पाण्यावर, घडत होते.

आता त्या विहिरीबद्दल सांगायला हवं. ती दादांनी खोदली होती. दोन उन्हाळे काळा दगड फोडून, सुरुंग लावून, आठ परस, म्हणजे जवळजवळ पन्नास फूट खोल. ती कधी आटली नाही. त्याआधी सगळी वस्ती ओढ्याकाठच्या उथळ आडाचं पाणी प्यायची. तो पुढे गाळानं भरला.

सुट्टीत घरी गेल्यावर मी म्हणालो, "दादा, पोरीला इहिरीचं पाणी देऊ नका. जुना आड उपसू, त्याचं आणू."

"का? खारं हाय?"

"न्हाई."

"वास येतो?"

"न्हाई. दगडातला क्षार उतरतो त्यात. मिठासारखा असतो."

"त्यो दगड मी फोडला. मला कुठं मीठ दिसलं न्हाई. तुला हैदराबादेत बसून दिसलं व्हय रं?"

चुलीपुढून माय म्हणाली, "दिसंल की. त्येच्यासाठीच तर धाडलंय त्याला."

सगळे हसले. संध्याकाळपर्यंत दादांनी वस्तीभर सांगितलं, "आमच्या इहिरीत मीठ हाय म्हणं. आमटीत येगळं घालू नका." मीही हसलो, पण ती पोरगी तांब्या तोंडाला लावायची तेव्हा मला तिच्याकडे बघवत नसे.

त्याच सुट्टीत दादांना एक बैल बदलायचा होता, म्हणून आम्ही मानवतच्या बाजारात गेलो. राणीसावरगावहून दाजीही गाडी घेऊन आले होते. त्यांच्या गाडीचा एक बैल आमच्या बैलाचा सख्खा भाऊ, एक वर्षानं थोरला. तान्हा असतानाच तो बहिणीला आंदण दिला होता.

बैलांचा दलाल, म्हणजे हेडी, आला. त्यानं दातांवरून वय पाहायला आमच्या बैलाचा ओठ उचलला नि लगेच सोडला. "पाटील, ह्यो तर म्हातारा झाला."

"मी पाटील न्हाई आन् ह्यो म्हातारा न्हाई. माझ्या दावणीला जन्मलाय, सहा वर्सं झाली."

"दात बघा की! झिजल्यात, डागाळल्यात. बैल न्हाई खोटं बोलत, मालक बोलतो."

भोवतालची माणसं हसली. दादा लय तापले. त्यांनी दाजींचा बैल पुढे ओढला. "ह्यो ह्येचा थोरला भाऊ हाय. बघ ह्येचंबी तोंड, मग कळंल तुला."

हेड्यानं पाहिलं. "ह्यो? ह्यो तर ऐन उमेदीत हाय. पाटील, भाऊ न्हवं ह्ये. ह्यो लेक, आन् त्यो बाप!"

या वेळी बाजार जास्तच हसला. दादा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी स्वतः दोन्ही बैलांची तोंडं उघडून पाहिली. पुन्हा एकदा पाहिली. मग विचारलं, "जावई, तुमी बैलाला पाणी कुठलं पाजता?"

"वढ्याचं, मामा. आमच्याकडं कुठं खोल इहीर हाय?"

बैल परत घेऊन आम्ही निघालो. अर्ध्या वाटेवर दादांनी वळून बैलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्यो डाक्टर आनखी काय म्हणला?" मी सगळं पहिल्यापासून सांगितलं.

"दात घासत न्हाईस म्हणून मी तुला मारलं व्हतं," ते म्हणाले.

"व्हय. दोनदा."

"तीनदा," दादा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहार आणि टोपली घेऊन जुन्या आडात उतरले. भावानं आणि मी गाळ वर ओढला. चार दिवसांनी स्वच्छ पाणी लागलं. माय ते दुहेरी फडक्यानं गाळायची आणि, आड उथळ म्हणून, माझ्या हट्टापायी उकळायची. "चवच मेली पाण्याची," म्हणायची, पण उकळायची. मोठ्या विहिरीला दादांनी कधी वाईट म्हटलं नाही. "ती मळ्याला हाय," एवढंच म्हणायचे. वासरांनाही ते ओढ्यावर न्यायला लागले.

पदवीनंतर दोन वर्षांनी मी घरी आलो, त्या सुमारास पोरीचे समोरचे दुधाचे दात पडून पक्के दात वर येत होते. दादांनी तिला अंगणात उभी केली, हेड्यासारखा ओठ उचलला आणि वस्तीला ऐकू जाईल असं ओरडले, "दोन दाती झाली गं माझी माय!"

दात पांढरे होते. एकाच्या टोकाला खडूसारखा फिकट ठिपका होता. मी तो बघतोय हे दादांनी पाहिलं.

"तेवढा माझ्या इहिरीचा," ते म्हणाले. पोरगी हात झटकून पळाली, ती सरळ आडाकडे, आजीला पाणी आणू लागायला.