मोरजकर चाळीचा फळा

परळच्या मोरजकर चाळीच्या तोंडाशी एक काळा फळा आहे. तो लिहितात सुचित्रा मेस्त्री. महापालिकेच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी चाळ त्यांना 'बाई'च म्हणते. लग्न केलं नाही. का, हे विचारायचं धाडस चाळीत फक्त चंपाकाकूंना झालं होतं. त्यांना उत्तर मिळालं, "सवड झाली नाही." काकूंना ते पटलं.

फळा मुळात बाईंच्या वडिलांचा. ते गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे आणि संपाच्या काळात गेटवरचा युनियनचा फळा लिहायचे. गिरणी बंद झाली तेव्हा लोकांनी मिळेल ते सामान नेलं. वडिलांनी फळा खांद्यावर टाकून घरी आणला आणि चाळीच्या तोंडाशी ठोकला. ते गेल्यावर खडू बाईंच्या हातात आला.

फळ्यावर रोजचंच काही असायचं. कोण वारलं, पाणी कधी येणार नाही, दहावीला कुणाला किती टक्के. सगळ्यात खाली बाईंचं स्वतःचं एखादं वाक्य. ते कधी कुणाला खटकलं नाही, कारण इतक्या खालपर्यंत कुणी वाचतच नसे.

मग चाळीच्या पुनर्विकासाचं ठरलं. म्हणजे ते बरीच वर्षं ठरतच होतं. यंदा मात्र चाळीच्या मित्रमंडळाचा अध्यक्ष राजेश लाड याने नाक्यावर मोठा फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर बिल्डरचा हसरा चेहरा, शेजारी राजेशचा त्याहून हसरा चेहरा आणि खाली 'स्वप्नपूर्तीबद्दल चाळकऱ्यांतर्फे जाहीर आभार'. अजून एकाही घराचा करार झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी फळ्यावर खाली वाक्य आलं:

'ज्यांचं स्वप्न पूर्ण झालं त्यांचं अभिनंदन. बाकीच्यांनी झोपून राहावं.'

कुणीतरी फोटो काढला. दुपारपर्यंत तो लालबागला पोचला आणि संध्याकाळी शिवडीहून बाईंच्या मावसबहिणीने तोच फोटो बाईंनाच पाठवला. सोबत लिहिलं होतं, "बघ गं, कुणीतरी काय मस्त लिहिलंय."

राजेश तणतणत आला. हा बाईंचाच जुना विद्यार्थी. "बाई, भावना दुखावल्या."

"कुणाच्या?"

"लोकांच्या."

"लोक तर हसतायत रे."

"हसतायत, म्हणूनच दुखावल्या ना!"

तो पोलीस ठाण्यात गेला आणि दोघांनाही बोलावणं आलं. ड्युटीवरचे साहेब दोन मिरवणुकींच्या बंदोबस्तावरून नुकतेच येऊन टेकले होते. त्यांनी फोटो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्यांची मिशी जराशी हलली.

"यात शिवी कुठंय?"

"शिवी नाही साहेब. पण टोन बघा."

"टोनला कलम नाही हो लाड."

"उद्या पोरं भडकली तर? मी जबाबदार नाही."

हे मात्र साहेबांना लगेच समजलं. भडकणाऱ्या पोरांसाठी माणसं लागतात आणि त्यांच्याकडे माणसं नव्हती. ते बाईंकडे वळले आणि आवाज मऊ करून म्हणाले, "मॅडम, तुमचं काही चुकलं नाही. म्हणूनच तुम्हाला विनंती करतोय. चुकलं असतं तर नोटीस दिली असती. वादग्रस्त लिहू नका, एवढंच."

"वादग्रस्त म्हणजे कसं?"

"ज्यावरून वाद होतो ते."

"म्हणजे ते आधी लिहून बघावं लागेल."

साहेबांनी कपाळ चोळलं. शेवटी तोडगा निघाला तो असा: फळ्यावर यापुढे फक्त सुविचार. सुविचारावरून भांडण झालेलं साहेबांनी आपल्या नोकरीत पाहिलं नव्हतं. दोघांना चहा पाजून त्यांनी प्रकरण मिटवलं.

बाईंनी शब्द पाळला. चाळीच्या जिन्यातले दिवे बंद होते आणि मंडळाला तक्रारी करून लोक थकले होते, त्या आठवड्यात त्यांनी लिहिलं, 'अंधारातून उजेडाकडे जा.' राजेशने सभेत प्रश्न विचारणाऱ्यांचा माईक बंद केला, त्याच्या दुसऱ्या दिवशी फळ्यावर सुविचार होता, 'जो ऐकून घेतो, तोच मोठा होतो.' लोक आता लांबून वळसा घालून फळा वाचायला यायचे. राजेशने पुन्हा ठाण्यात फोन केला. साहेब म्हणाले, "अहो, हा तर माझ्या मुलीच्या वहीत पण आहे."

मग राजेशने स्वतःच कमिटी नेमली. सुविचार आधी कमिटी बघणार, मग फळ्यावर जाणार. कमिटीत तो स्वतः आणि चाळीत सगळ्यात वयस्कर म्हणून चंपाकाकू. पक्षपाताचा आरोप नको म्हणून त्याने विकास कांबळेलाही घेतलं. विकास विमा कंपनीत नोकरीला, युनियनमध्ये मुरलेला. पहिल्याच बैठकीत त्याने एक साधी सूचना केली.

"माझी एकच अट. निर्णय एकमताने व्हायचा. मग कुणी बोट दाखवणार नाही."

राजेशला हे लोकशाहीला धरून वाटलं. त्याने टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर एकही सुविचार मंजूर झाला नाही. 'प्रयत्न सोडू नका' यात राजेशला चिथावणी दिसली. 'मोठ्यांचा आदर करा' याला विकासची हरकत होती. आदर वयाचा करायचा की कामाचा, हे आधी स्पष्ट करा, म्हणाला. या दोघांचं ज्यावर जुळेल ते चंपाकाकूंकडे अडायचं.

"माका समजाक नाय," काकू म्हणायच्या. "जा माका समजना नाय, ता मी पास करूचंय नाय."

"काकू, तुमका ऐकू तरी इला काय?" राजेश ओरडायचा.

"इला. म्हणानच नाय म्हणतंय."

फळा कोरा राहिला. बाई रोज सकाळी ओल्या फडक्याने तो पुसायच्या आणि घरी जायच्या. कोरा फळा कोण पुसतं? लोक थांबून बघायला लागले. दुसऱ्या मजल्यावरची मनवा पत्रकारितेचं शिकत होती. तिने कोऱ्या फळ्याचा फोटो टाकला आणि वर लिहिलं, 'परळमधला गप्प केलेला फळा.' दादरहून, गिरगावातून अनोळखी पोरंपोरी येऊन फळ्याजवळ सेल्फी काढू लागली. एका वर्तमानपत्राचा माणूस आला. त्याने राजेशला विचारलं, "यावर जे लिहिलेलं नाही, त्यावर तुमचा नेमका आक्षेप काय?"

त्या संध्याकाळी ठाण्यातून राजेशलाच फोन आला. साहेबांना वरून विचारणा झाली होती. "लाड, काय लिहिलंय फळ्यावर?"

"काहीच नाही साहेब."

"मग ते पुसा!"

राजेश बाईंच्या दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना. "बाई, काहीतरी लिहा ना."

"काय लिहू?"

"काहीपण. आय मीन, तुम्हाला वाटेल ते."

"कमिटीचं काय?"

"तुम्हीच व्हा कमिटीच्या अध्यक्षा. मी सोडतो. विकासपण सोडतो म्हणाला."

"आणि चंपाकाकू?"

"त्या सोडत नाहीयत."

अशा रीतीने ज्यांच्यामुळे कमिटी नेमली गेली, त्याच तिच्या अध्यक्षा झाल्या. चाळीने पेढे वाटले. बाईंनाही मनातून बरं वाटलं, ते त्यांनी लपवलं नाही. आता एकमताची अट नाही, फळा सगळ्यांसाठी खुला, कुणीही वाक्य आणून द्यावं, असं त्यांनी जाहीर केलं. पहिलं वाक्य मनवाने आणलं:

'ज्यांनी गिरण्या जाताना नुसत्या बघितल्या, त्यांनी चाळ जाताना तरी बोलावं.'

बाईंनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "अक्षरं जास्त होतात, फळ्यावर मावणार नाही." मनवाने मोबाईलवर जुने फोटो दाखवले. याच्या दुप्पट लांबीची वाक्यं मावली होती. मग बाई म्हणाल्या की 'बघितल्या' हा शब्द बोलीतला आहे.

मनवा त्यांच्यासमोर खाली बसली. "बाई, खरं सांगा. लागलं ना तुम्हाला?"

बाईंना वडिलांचे हात आठवत होते. गेटवर फळा लिहून घरी आले की बोटांच्या चिरांमध्ये खडू बसलेला असायचा. आई पितळेच्या घमेल्यात पाणी द्यायची आणि ते म्हणायचे, 'राहू दे, उद्या परत तेच आहे.' शेवटी शेवटी ते गेटवर जायचे आणि फळ्यासमोर वाचायला कुणीही नसायचं. तरी लिहायचे. आणि या पोरीने काय लिहावं? नुसत्या बघितल्या!

"लागलं," बाई म्हणाल्या. "खूप लागलं."

"मग नको लिहूया."

"असं कसं? मला लागलं म्हणून नको?" त्या चिडूनच उठल्या. "चल खाली."

त्यांनी मनवाचं वाक्य त्यांच्या सगळ्यात सुरेख वळणाच्या अक्षरात लिहिलं, 'बघितल्या'सकट. मग त्याच्याखाली एक आडवी रेघ ओढली आणि लिहिलं: 'नुसत्या बघितल्या नाहीत. रोज लिहीत होतो. वाचायला कुणी येत नव्हतं. – एका गिरणी कामगाराची मुलगी.'

सकाळी मनवाने, परवानगी वगैरे न विचारता, खाली स्वतः खडूने खरडलं होतं: 'मग ओरडायचं होतं!'

फळ्यापाशी गर्दी झाली. चाळीतले जे म्हातारे वर्षानुवर्षं फक्त पाण्याच्या वेळेबद्दल बोलत होते, ते तिथेच भांडायला लागले. कोण ओरडलं होतं, कोण संप मोडून आत गेलं होतं आणि कुणाच्या घरी तेव्हा चूल पेटत नव्हती. त्यांच्यातल्या दोघांचं इतकं पेटलं की राजेशला मध्ये पडून त्यांना खुर्च्या द्याव्या लागल्या. पोलिसात कुणी गेलं नाही. सगळे बोलण्यातच गुंतले होते.

तक्रार आली ती वरळीहून. बाईंचा धाकटा भाऊ रामू तिकडे राहतो. त्याचा फोन आला.

"ताई, बाबांना कशाला रस्त्यावर आणलंस? लोक काय काय बोलतायत. पुसून टाक ते."

"मी पुसणार नाही."

"मग मी येऊन पुसतो."

"ये. फळा सगळ्यांचा आहे. पण पुसायच्या आधी तुझं काय म्हणणं आहे ते लिही."

रामू म्हणाला, "माझं अक्षर घाण आहे, तुला माहितीय. मी सांगतो, तू लिही."

"नाही," बाई म्हणाल्या. "तुझं तू लिही. रविवारी ये. जेवायलाच ये."