दामाजी वजनात भरला

माजिवड्यात दामाजीला कुणी दामाजी म्हणत नसे, काडी म्हणत. मिठागरातलं मीठ चिमणी नावाच्या घोडीवर लादून ठाण्याच्या स्टेशनावर पोचवायचं, हा त्याचा धंदा. परतताना तो रिकाम्या पाठीवर बसला, तरी चिमणीला त्याचा पत्ताच नसायचा.

रेल्वे येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी साहेबलोकांचा जीव घोड्यांतच अडकलेला. दर हिवाळ्यात कल्याणच्या माळावर ते तीन भागांची शर्यत भरवत. आधी आखलेल्या रिंगणात घोड्याने शिस्तीत चालून दाखवायचं, मग विठ्ठलवाडीकडून बांध-ओहोळ ओलांडत मोठा फेरा मारायचा, आणि शेवटी काटक्यांच्या कुडांवरून उड्या. तिन्हींचे गुण एकत्र. गावकऱ्यांनाही त्यात घेत. मोठ्या फेऱ्यात चिमणी वाऱ्यासारखी सुटे, पण रिंगणात ती लग्नातल्या करवलीसारखी नाचे, आणि दामाजीचं बक्षीस तिथेच हुके.

त्या वर्षी पाटलांनी देवळापुढे नवा नियम सांगितला. "घोडे हलक्या स्वारांमुळे पळतात, असं साहेबाचं म्हणणं आहे. आता तराजू ठेवणार. एका पारड्यात लोखंडी वजनं, दुसऱ्यात स्वार. पारडं वर राहिलं तो बाद. सुरुवातीला मोजणार आणि शेवटीही."

सगळ्यांनी वळून काडीकडे पाहिलं. काडी घरी गेला आणि बायकोला म्हणाला, "सगुणा, मना जाडा कर."

सगुणाला लग्नापासून हेच हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून घरात चूल विझेना. सकाळी खोबरं घातलेले घावन, दुपारी भात आणि जिताडा मासळीचं कालवण, मध्येच गूळ घातलेली खीर. दामाजी जेवायचा, घोडीवर बसायचा, उतरून पुन्हा जेवायचा. शेजारणी वाट्या घेऊन येऊ लागल्या. मिठागरातले लोक त्याला मिठाच्या काट्यावर बसवून बघत आणि पारडं जरा खाली आलं की टाळ्या पिटत. त्याची बंडी उसवली, सगुणाने तिला कळी जोडली, तीही उसवली. दामाजीला आपल्या गालांची एवढी मजा वाटायची, की बोलताना मध्येच तो ते दाबून बघायचा.

या जेवणावळीला कोळीवाड्यातला राघो हटकून यायचा. तो टट्टूवरून ठाण्याच्या बाजारात मासळी न्यायचा आणि शर्यतीतही उतरायचा. तोही पूर्वीच्या दामाजीसारखाच सडपातळ. पण तो आपला मजेत जेवे, वर आग्रह करी, "घे दामा, अजून घे."

शर्यतीच्या सकाळी कल्याणच्या माळावर हा तराजू उभा. दामाजी पारड्यात बसला तसं ते धपकन खाली गेलं. माजिवड्याची माणसं नाचली. मागून राघो आला, तो पाठीवर सुक्या बोंबलांचं हे भलंमोठं गाठोडं घेऊन. गाठोड्यासकट तो पारड्यात बसला. तराजूपाशी बसलेल्या कारकुनाने मान डोलावली.

"हा काय?" दामाजी म्हणाला.

कारकून म्हणाला, "नियमच तसा आहे. स्वार, खोगीर आणि बरोबरचं ओझं, सगळं मिळून वजन भरलं पाहिजे. कमी पडलं तर वाळूची पिशवी बांधायची. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

पाटील पागोटं सारखं करू लागले.

"राघो, तुना माहीत होता?"

"बाजारात शिपायाला विचारला होता," राघो म्हणाला. "पण तुना सांगितला असता तर सगुणावयनीनं खीर बंद केली असती."

सगुणा कमरेवर हात ठेवून उभी होती. "म्हणजे मी रोज नारळ खवत होते, आणि ह्यांना वाळूची पिशवी पुरली असती?" तिचं तिलाच इतकं हसू आलं की ती तिथेच मातीत बसली. मग दामाजीही हसू लागला, आणि हसताना त्याचं पोट हललं, म्हणून आणखीच हसू लागला.

त्याच लहरीत तो रिंगणात उतरला. आणि काय नवल, चिमणी नाचेना. पाठीवर खरोखरीचा माणूस बसलाय हे तिला पहिल्यांदाच कळलं होतं. डोक्यावर घडा घेतलेल्या बाईसारखी ती ठुमकत, सरळ चालली. तिथे दामाजी पहिला आला.

मोठ्या फेऱ्यात मात्र एक पोलीस स्वार आणि राघो पुढे निघून गेले. विठ्ठलवाडीपाशी बोंबलांचा वास सुटला आणि गावातली सारी कुत्री राघोच्या मागे लागली. कुत्र्यांना भिऊन टट्टू असं धावलं की कुडांवरच्या उड्याही त्याने न थांबता मारल्या. राघो सगळ्यांच्या आधी पोचला. मागे फाटकं गाठोडं लोंबत होतं आणि त्याला दोन कुत्री अजून लटकलेली.

तो तराजूत बसला. पारडं वरच्या वर.

"वजन कमी," कारकून म्हणाला.

"कमी कसा? बाकीचं ह्यांच्या पोटात हाय," म्हणत राघोने एक कुत्रं उचलून मांडीवर घेतलं. पारडं खाली आलं. कारकुनाने साहेबाकडे पाहिलं. साहेबाने नियमांचं पुस्तक चाळलं, कुत्र्यांविषयी त्यात काही सापडेना, तेव्हा त्याने पुस्तकानेच तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे बराच वेळ हलत होते. शेवटी त्याने राघोला बाद केलं, पण कुत्र्याच्या पाठीवर थाप मारून.

दामाजी धापा टाकत पोचला; तिन्ही भागांचे गुण मिळून तो तिसरा आला होता, राघो बाद झाल्यावर दुसरा ठरला. पहिला पोलीस स्वार. दामाजीला लाल काठाचा फेटा मिळाला. आजवर त्याला काहीच मिळालं नव्हतं, त्यामुळे आपण पहिले नाही हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

संध्याकाळी ते तिघं दोन घोडी घेऊन पायीच ठाण्याच्या रस्त्याला लागले. राघोने उरलेले बोंबील सगुणाच्या ओच्यात घातले. "उद्या ह्यांचा कालवण कर, वयनी," तो म्हणाला. "मी जेवाला येतो." सगुणाने त्याच्या पाठीत धपाटा घातला. दामाजी दोघांच्या पुढे चालला होता, आणि दर वळणावर फेटा सोडून नव्याने बांधत होता.