तारेआडची विहीर आणि टॉम

आमचं घर सोडलं त्या सकाळी बाबांनी दारांच्या फळ्यासुद्धा काढून बैलगाडीत घातल्या. मी आठ वर्षांची होते. लढाई चालू होती आणि रेवदंड्याजवळच्या आमच्या वाडीवर गोऱ्यांच्या विमानांसाठी धावपट्टी होणार होती. आय चुलीपाशी बसून राहिली. बाबा म्हणाले, "ऊठ. आता ही जागा आपली न्हाय." आम्ही गेलो जेमतेम मैलभर, मामाच्या पडवीत. पण भाच्यांनो, तुम्ही तिकडे देशातच राहिलात आणि मी लेकीकडे विलायतेत बर्मिंगहॅमला आले, तरी सांगते, त्या मैलाएवढं लांब मी पुन्हा कधी गेले नाही.

मामाकडचं पाणी खारट. आमची गोडी विहीर तारेच्या कुंपणाआड गेलेली. आयने मला कळशी देऊन तिकडे धाडलं, तर पहारेकऱ्याने हाकललं. तेवढ्यात लाल केसांचा एक वैमानिक आला. तो टॉम, विलायतेचा. त्याने मला आत नेलं, रहाट स्वतः ओढला. मग ते रोजचंच झालं. मी त्याला "पाणी", "हळू" असे शब्द शिकवले, तो मला पावाला मुरांबा लावून द्यायचा. त्याचा सोबती बिल विमानाखाली उताणा पडून काम करायचा. मला बघितलं की तेलकट हाताने सलाम ठोकायचा.

बाबा ते पाणी पीत नसत. "आपल्याच विहिरीवर परक्याची परवानगी? मी खारट पिईन." घरात टॉमचं नाव काढायची चोरी होती.

एकदा मला हिवताप भरला. चौथ्या दिवशी टॉम घर विचारत, विहिरीच्या पाण्याचे दोन डबे भरून पायी आला आणि अंगणात उभा राहून म्हणाला, "पाणी. हळू." आय पदराआड हसली. बाबा दारात उभेच. मग त्यांनी माडावरून शहाळं उतरवलं, कोयत्याने तासलं आणि त्याच्या हातात दिलं. त्या दिवशी बाबा ते पाणी प्यायले.

पाऊस सरल्यावर एका दुपारी टॉमचं विमान समुद्राकडे गेलं ते परतलं नाही. दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर जाऊन विचारलं, तर बिलने नकारार्थी मान हलवली. मी रडत घरी आले. बाबा उठले आणि थेट तारेच्या कुंपणाच्या फाटकाशी गेले. त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. बिलला म्हणाले, "पोरगा आला न्हाय?" त्याला काय समजलं कोण जाणे, त्याने बाबांचा हात धरला तो सोडेचना. बाबांनी कोळीवाड्यात जाऊन होड्या काढायला लावल्या. दोन दिवस शोधलं. काही सापडलं नाही.

लढाईनंतर जमीन परत मिळाली, पण त्या खडीत भात उगवेना. आम्ही मुंबईला गेलो. पुढे लग्न, संसार, आणि आता म्हातारपणी इथे, हीटरच्या उबेत.

तुम्ही फोनवर विचारता, "आत्या, परक्या मुलखात करमतं का?" टॉमची आई इथल्याच कुठल्याशा गावात त्याची वाट बघत गेली असेल. तिचं आडनावही मला ठाऊक नाही. तिचा मुलगा आपल्या समुद्रात राहिला आणि मी तिच्या मुलखात. मग कुठल्या तोंडाने याला परका म्हणू? कधी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर गेलात, तर आपलं एक माणूस तिथे आहे एवढं ध्यानात ठेवा.