धुण्याचा दगड

परवा गावी गेलो, तेव्हा शेजारच्या शालनवहिनी पहारीनं धुण्याचा दगड नदीच्या पात्रात आत सरकवत होत्या. आमच्याकडची ही जुनी रीत. उन्हाळ्यात पाणी मागे गेलं की बायका आपापला दगड पाण्याजवळ नेतात आणि पावसाळ्याआधी काठावर परत आणतात.

पूर्वी दगड वैशाखात हलायचा. आता माघातच हलतो. पाऊस चार दिवसांत कोसळून मोकळा होतो, ओल धरून ठेवणारी वाळू उपसून झाली आहे, आणि उरलेलं पाणी काठावरच्या मोटारी ओढतात. मग भर उन्हाळ्यात कधीतरी धरणातून पाणी सुटतं आणि कोरडी नदी अचानक काठोकाठ वाहते. आटायला तिचा स्वतःचा महिनाच राहिलेला नाही. पुराच्या खुणा आपण देवळाच्या भिंतीवर जपतो. नदी जगते ती मात्र तिच्या सगळ्यात बारीक धारेवर, आणि त्या धारेची खूण हा दगड सोडून कुणी ठेवलेली नाही.

एक मोटार वहिनींचीही आहे. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली.

"आमची कालपासून बंद आहे," त्या म्हणाल्या. "आता घरोघरी जाणार. आठवड्यातले दोन दिवस सगळ्यांनी नदीला सोडायचे."

"ऐकतील?"

"न ऐकून सांगतात कुणाला? धुणं त्यांच्याही घरी आहेच की."

धार अजून हातभर लांब होती. मी पहार उचलली.

"ठेवा ती, भावोजी," वहिनी म्हणाल्या. "दगड आता पुढं जायचा नाही. पाण्यानं यायचं इथवर."