आईची खोली आणि आत ओढणारा पंखा

गाझियाबादच्या आमच्या नव्याकोऱ्या फ्लॅटमध्ये, आईच्या खोलीत हवा सोडून सगळं होतं. तिचा मलेरियाचा ताप उतरला होता. पण बाम, फिनेल, ओव्याची धुरी आणि त्यांवर उतारा म्हणून बायकोनं लावलेली उदबत्ती, सगळे वास तिथेच मुक्कामाला! आईनं अन्न टाकलं होतं. पेजेची वाटी दिसली तरी तोंड फिरवायची. डॉक्टर म्हणाले, "माताजी ने अब भी नहीं खाया, तो भर्ती करना पड़ेगा." माझं धाबं दणाणलं.

"आधी खोलीतला वास घालवा," बायको म्हणाली.

तेव्हा बाजारात रोज काहीतरी नवं येत होतं. मी एक्झॉस्ट फॅन आणला आणि स्वतःच बसवला. (मी सरकारी कचेरीत फायली सरकवतो. यंत्रांशी संबंध तेवढाच!) पंखा म्हणजे वारा देणारा, तेव्हा त्याचं तोंड पेशंटकडे हवं, हे माझं शास्त्र. खिडकी इमारतीच्या मधल्या, हवेसाठी ठेवलेल्या शाफ्टमध्ये उघडायची, आणि सगळ्या मजल्यांची स्वयंपाकघरंही त्याच शाफ्टवर!

बटण दाबलं. बाम गेला, फिनेल गेलं आणि राजमा आत आला! मागोमाग लसणाची फोडणी, मग कुणाचं तरी करपलेलं दूध.

"अहो, हा बाहेर टाकायचं सोडून आत ओढतोय! बंद करा!"

मी झडप घातली. बटण तुटून हातात आलं! पंखा आपला गरगरतोच आहे.

"थांबा रे," मागून आवाज आला. आई चक्क उठून बसली होती! डोळे मिटून हुंगत होती. "हे तुपातलं जिरं... आणि हे मेथीचे पराठे. अजून तव्यावर आहेत. कुणाकडचे रे?"

बायको खाली पळाली. "अच्छा! आंटीजी ने माँगा?" म्हणत खालच्या भाभी पराठ्यांचा डबा घेऊन धापा टाकत वर आल्या. आईनं एक घास घेतला. मग दुसरा. मग म्हणाली, "लोणचं नाही का?"

माझे हात आपोआप जोडले गेले. पंख्याला, पराठ्याला की आईला, कोण जाणे! डोळे मात्र भरून आले.

डॉक्टरही चाट पडले. "कमाल है! क्या किया आपने?"

"वेंटिलेशन!" मी छाती काढून म्हणालो.

तेव्हापासून आमच्याकडे कुणी आजारी पडलं, की डॉक्टरांच्या आधी मला हाक येते: "अहो, या लवकर, काहीतरी बिघडवा!"