श्वासाच्या वाटेवरचे अस्तर

सासूबाईंचा खोकला हा आम्ही त्या घराचाच एक आवाज मानला होता. सकाळी अंगणात सडा पडे, बादलीची कडी वाजे आणि मग खोकला येई. ओला, जड, छातीच्या तळातून काहीतरी वर ओढू पाहणारा. आरमोरीच्या पुढे, जंगलाच्या कडेला त्यांचे गाव आहे. मी नोकरीमुळे चंद्रपूरला असते आणि सुट्ट्यांत तिकडे जाते. त्या हिवाळ्यात गेले, तेव्हा पाण्याची घागर घेऊन विहिरीवरून येता येता त्या मधेच थांबल्या. घागर खाली ठेवली, आणि वाटेवरच्या दगडावर बसून राहिल्या. त्या मधेच बसणाऱ्या बाई नव्हत्या.

घरी आल्यावर त्यांनी आपला नेहमीचा उपाय केला. मातीच्या खापरात निखारे घेतले, त्यांवर ओवा आणि लसणाची साले टाकली, डोक्यावरून लुगडे ओढले आणि धुरी घेतली. ओवा तडतडला. त्याचा तिखट, उष्ण वास खोलीभर पसरला आणि भिंतींनाही तो झोंबला असावा असे वाटले. लुगड्याच्या आत मात्र खोकल्याची उबळ थांबेना.

"आई, उद्या गडचिरोलीला दाखवून येऊ."

"मले काई झालं नाई. थंडीचा खोकला आहे. मोह पडेपर्यंत जाते."

मोहाची फुले पडायला लागेपर्यंत खोकल्याला जायलाच हवे होते. बांधावरची मोहाची दोन झाडे त्यांची. गावात प्रत्येकाचे झाड ठरलेले असते, दुसऱ्याच्या झाडाखालचे फूल कोणी उचलत नाही. लग्न होऊन आल्यापासून एकही फाल्गुन त्यांनी त्या झाडांखाली जाणे चुकवले नव्हते. त्यांच्या वर्षाची सुरुवात पंचांगात नव्हती, तिथे होती.

दवाखान्यातल्या डॉक्टर वयाने माझ्याहून लहान होत्या. त्यांनी सासूबाईंना एका नळीत जोरात फुंकायला लावले, पाठीवर थंड चकती ठेवून बराच वेळ ऐकले, आणि मग धुराविषयी विचारले.

"ग्यास हाये घरी," सासूबाई म्हणाल्या. "आंघोळीचं पाणी तेवढं चुलीवर."

"आणखी कुठला धूर?"

मग मी मोहाचे सांगितले. फुले पडायला लागण्याआधी झाडाखालचा वाळला पाला पेटवून देतात, म्हणजे जमीन काळी, मोकळी होते आणि तिच्यावर पडलेले फिकट फूल पहाटेच्या अंधुक उजेडातही दिसते. पाला जळला की साप दिसतो, झुडपाआडचा वाघ दिसतो. वनरक्षक रागावतात, तरी लोक जाळतात. पाला धुमसत राहतो आणि बाया त्या धुरातच वाकून वेचत असतात.

"आणि खोकला आला की?" डॉक्टरांनी विचारले.

"धुरी घेतो नं," सासूबाई सहज म्हणाल्या.

डॉक्टर हसल्या. "म्हणजे आई, धुराचा खोकला तुम्ही धुरानंच काढता?"

"मंग कायनं काढू?"

या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांनी हाताने दिले. आपला हात कोपरापर्यंत टेबलावर आडवा ठेवला आणि दुसऱ्या हाताची बोटे त्यावर हलवली. नाकापासून फुप्फुसांच्या बारीक फांद्यांपर्यंत, त्या म्हणाल्या, श्वासाच्या वाटेला आतून एक नाजूक अस्तर असते. त्या अस्तरातल्या पेशींवर डोळ्यांना न दिसणारे केस असतात. मधल्या काही पेशी चिकट ओल पाझरवतात. हवेतली धूळ, राख, जंतू त्या ओलीत अडकतात आणि केस ती ओल घशाकडे लोटत राहतात, दिवसरात्र, एका दिशेने. आत येणारी हवा हेच अस्तर कोमट आणि ओलसर करते. धूर लागला की केस मंदावतात, आखडतात, झडतात. चिकट ओल मात्र वाढत जाते. लोटणारे कोणी उरत नाही, म्हणून मग खोकून काढावे लागते.

"हे असंच चाललं तर अस्तर जाड होत जातं, कातडीसारखं. आतल्या वाटा अरुंद होतात. मग दम लागेल, आई. घरापासून झाडापर्यंत चालणं होणार नाही. आता धूर थांबवला, तर त्यातलं बरंच परत येऊ शकतं."

त्यांनी आत ओढायचे औषध दिले, ते कसे ओढायचे ते दाखवले. सासूबाई सगळे ऐकत होत्या, पण त्यांच्या मनात एकच शब्द रुतला होता हे मला बसमध्ये कळले. "झाडापर्यंत म्हणली नं ते?" त्यांनी विचारले, आणि गाव येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

त्या परतीच्या वाटेवर मीही बाहेर पाहत होते. कापणी संपलेली होती, भाताच्या बांध्यांत नुसते धसकट उभे होते. पण मला श्रावणातले धान दिसत होते. वारा एका कडेने शिरतो आणि पाते न पाते एकामागून एक वाकत जाते. प्रत्येक पाते आपल्या जागीच असते, तरी एक लाट शेत ओलांडून जाते. अशी हिरवी हालचाल आपल्या छातीत, पूर्ण अंधारात, कोणी न सांगता चाललेली असते. मी नोकरी सांभाळून लिहिते; आजवर श्वासाविषयी पुष्कळ लिहिले होते, ते सारे आतबाहेर जाणाऱ्या हवेविषयी होते. ज्या ओल्या वाटेवरून ती जाते, तिचा मी कधी विचार केला नव्हता. चंद्रपुरात गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या ओढणीवर संध्याकाळी कोळशाची काळी भुकटी साचलेली असते. तीच भुकटी माझ्या आतही उतरत असणार, आणि कोणीतरी ती निमूटपणे परत वर आणत असणार.

सासूबाईंनी धुरी सोडली. आंघोळीचे पाणी गॅसवर गेले. आणि खोकला वाढला.

"तुह्या डाक्टरणीचं आइकून मी बिघडली," त्या फोनवर म्हणाल्या. "धूर होता तं बरी होती. आता दिसभर खोकून राह्यली अन् थुंकून राह्यली."

मी घाबरून डॉक्टरांना विचारले. ताप नाही ना, रक्त नाही ना, एवढी खात्री करून त्या म्हणाल्या, "कधीकधी असं होतं. झोपलेले केस पुन्हा हलायला लागलेत, साचलेलं वर येतंय. औषध चालू ठेवा, आणि आणखी वाढलं तर घेऊन या."

मी हे जसेच्या तसे सांगितले. "बरं," त्या म्हणाल्या. "मंग येऊ दे वर."

खोकला हळूहळू विरळ झाला. पण फाल्गुन जवळ आला, तशी माझी काळजी बदलली. पाला जाळला तर पुन्हा पहिल्यापासून, आणि न जाळता फूल वेचणे त्या गावात कोणी कधी केलेले नव्हते. मी काही बोलण्याआधीच त्यांचा फोन आला.

"तुह्या त्या घसरणाऱ्या साड्या हायेत नं, कपाटात पडून? त्या आण."

मी नेल्या. बारशांत, लग्नांत मिळालेल्या, कधीच न नेसलेल्या सिंथेटिक साड्या. जांभळ्या, पोपटी, एक झगझगीत गुलाबी. सासूबाईंनी त्या दाभणाने एकमेकींना जोडल्या. मग आम्ही दोघींनी दुपारी झाडांखालचा पाला काठीने लोटून कडेला केला आणि ते भले थोरले रंगीत अंथरूण पसरून कडांना दगड ठेवले.

शेजारच्या झाडाची मालकीण काडेपेटी हातात घेऊन उभी होती. ती कंबरेवर हात ठेवून बघत राहिली.

"काऊन वो काकू, लगन कोनाचं हाय? मांडव तं उलटाच टाकला!"

"तुह्या सासऱ्याचं," सासूबाई म्हणाल्या. "नवरी पाहून ठेव."

ती खोखो हसली. मग तिने काडेपेटी वाजवली. वारा तिच्याकडून आमच्याकडे होता.

"आज नको जाळू," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात विनोद नव्हता. "माह्या छातीले नाई चालत आता."

"मंग मी काय करू? नेसलेलं लुगडं आंथरू?"

पण तिने काडी ओढली नाही. काडेपेटी कमरेला खोचून ती घराकडे गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही निघालो. सासूबाई पुढे, टोपली डोक्यावर. मी त्यांचा श्वास ऐकत मागून चालले होते. चढाव आला, त्या सावकाश चढल्या, पण थांबल्या नाहीत. झाडाखाली धूर नव्हता. मोहाचा वास दाट, गोड, किंचित आंबूस, थेट नाकाच्या आतल्या ओलीवर येऊन बसत होता. दरवर्षी आम्ही तो धुरातून गाळून घेत होतो. गुलाबी साडीवर फुले पडत होती, मऊ, गच्च आवाज करत.

सासूबाईंनी एक टोक उचलले, मी दुसरे. फुले आपसूक मधोमध गोळा झाली.

शेजारीण आपल्या झाडाखाली पाल्यातून एकेक फूल शोधत होती. तिने दोनदा मान वर करून पाहिले. मग कंबर धरत उठली.

"काकू, उरली का एखादी?"

"मले काय विचारतं? सुनेले माग," सासूबाई टोपली भरत म्हणाल्या. "तिच्या कपाटात ढिगानं हायेत."